गुरुजींची आठी

विश्वेश्वर गुरुजी धारपांकडे जो जो शिकून गेला, तो त्यांचा चेहरा एक वेळ विसरेल, पण कपाळ विसरणार नाही. दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी, तिच्या शेजारी दुसरी, आणि प्रसंग फारच बिकट असला तर तिसरी. काशीत बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत त्यांची वेदशाळा. सातारा, बीड, नांदेड, कुठकुठून विद्यार्थी येत, बारा-बारा वर्षं राहत आणि पोटापाण्याला लागून निघून जात. जाताना पाया पडत, आणि पाया पडून झालं की नजर नकळत वर कपाळाकडे जाई. सवयच तशी लागलेली असे.

त्याचं कारण गुरुजींची शिकवण्याची रीत. विद्यार्थी म्हणत असताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. बोललं की पाठ तुटतो, आणि तुटलेला पाठ पुन्हा जोडायला दुप्पट वेळ जातो. म्हणून गुरुजी गप्प बसत. स्वर चुकला की एक आठी. अक्षर चुकलं की दोन. तीन पडल्या की उठायचं, थंड पाण्याने तोंड धुवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. मुलांच्या हातात पोथी नसे. त्यांची पोथी म्हणजे समोरचं ते कपाळ. पन्नास वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता, आणि गुरुजींना आपल्या कपाळाचा, उघड म्हणत नसले तरी, बराच अभिमान होता.

त्या कपाळाने सगळ्यांना शिकवलं, फक्त एकाला घालवलं, असं गुरुजींचं मत होतं. तो एक म्हणजे त्यांचा मुलगा, सुश्रुत.

सुश्रुतचा गळा देवाने दिलेला होता. सहाव्या वर्षी संथा घेऊ लागला, सोळाव्या वर्षी परीक्षेला बसला. काशीतले मोठमोठे वैदिक समोर ओळीने बसलेले, त्यांच्यात गुरुजीही. निम्म्यापर्यंत पाठ असा चालला की म्हातारे वैदिक माना डोलवू लागले. मग एका ठिकाणी पोरगा अडखळला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा तिथेच अडखळला. गुरुजींना आजही आठवत होतं, त्यांच्या कपाळावर एकदम तिन्ही आठ्या चढल्या होत्या; आतून जाणवलं होतं, कातडी ओढली गेली होती. सुश्रुत पाठ अर्धवट टाकून उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि सभेतून बाहेर गेला. त्यानंतर तो वेदशाळेत बसला नाही. विज्ञान घेतलं, इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. दरवर्षी घरी येई. आईशी तासन्‌तास बोले, वडिलांना औषधं विचारी. पण बावीस वर्षांत त्याने वडिलांसमोर एक ऋचा म्हटली नाही. वडिलांनीही कधी 'म्हण' असं सांगितलं नाही. दोघेही सभ्य माणसं. असल्या माणसांच्या घरात भांडण होत नाही, हीच पंचाईत असते.

आता बावीस वर्षं काढली तशी पुढचीही निघाली असती. पण आश्विनात एका सकाळी आनंदीबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, पुण्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तेवढ्यात दूध उतू जातंय म्हणून त्या आत पळाल्या. तिकडे सुश्रुतनेही "आई, पूजा आटपतो, फोन चालूच ठेव" म्हणून फोन बाजूला ठेवला. गुरुजी पेपर वाचत तिथेच बसले होते. आणि फोनमधून सुश्रुतचा आवाज येऊ लागला. तो अभिषेकाचे मंत्र म्हणत होता.

गुरुजींच्या हातातला पेपर हातातच राहिला. आवाज आता पुरुषाचा झाला होता, भरला होता, आणि त्यात गुरुजींच्या वडिलांचा आवाज होता, जो ऐकून गुरुजी स्वतः शिकले होते. स्वर एकेक जागच्या जागी. एवढ्या वर्षांत पोराने काही टाकलं नव्हतं. रोज म्हणत असणार, नाहीतर असं राहत नाही. गुरुजींनी श्वाससुद्धा बेताने घेतला. पण म्हातारपणी घसा आपलं ऐकत नाही. त्यांना खोकला आला. फोनमधला आवाज तत्क्षणी थांबला.

"बाबा? तुम्ही आहात का तिथे? आई कुठे गेली?"

"दूध बघते आहे," गुरुजी म्हणाले.

त्या दिवसापासून गुरुजींना एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा, सुश्रुतने समोर बसून म्हणावं. माघात त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. जुन्या विद्यार्थ्यांनी सत्तरीची शांत करायचं ठरवलं होतं. हवन, जेवणं, सगळं. त्यासाठी सुश्रुत चार दिवस येणार होता. आयुष्यात पुढे असे किती चार दिवस उरलेत, याचा हिशेब गुरुजींनी केला नाही, पण तो न करताच त्यांना कळत होता. रात्री ते आनंदीबाईंना म्हणाले, "या वेळी त्याला म्हणायला सांगू का?"

आनंदीबाई पोळपाट पुसत होत्या. दिवसभराच्या दगदगीने वैतागल्या होत्या. "सांगा की. मी काय मना करते आहे? पण त्याला तुमची भीती नाही वाटत, कपाळाची वाटते. समोर हे कपाळ घेऊन बसाल तर तो कशाला तोंड उघडेल? बेचारा फोनवर खोकला ऐकला तरी गप्प होतो."

बोलण्याच्या भरात त्या बोलून गेल्या आणि विसरल्याही. दुसऱ्या कोणी ते कानाआड केलं असतं. पण गुरुजींचा जन्म अक्षराला अक्षर धरण्यात गेलेला. त्यांनी ते वाक्य घेतलं, घोळवलं, आणि त्याचा अर्थ जसाच्या तसा लावला. अडचण कपाळाची आहे. मग कपाळाचंच काहीतरी केलं पाहिजे.

शहराच्या सिगरा भागात विजेच्या ऑफिसात जाताना त्यांनी एक मोठी पाटी बघून ठेवली होती. तिच्यावर एका गुळगुळीत बाईचा फोटो आणि खाली लिहिलेलं: माथ्यावरच्या रेषा, सुरकुत्या, ऑपरेशन न करता. पौषात, शांतीला साडेतीन आठवडे राहिले असताना, गुरुजी "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो" असं सांगून टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात, बसले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे चष्मा घरीच विसरले.

दवाखाना कसला, एखाद्या हॉटेलसारखा थंडगार. कोचावर एक होणारी नवरी आणि तिची आई, समोर केस रंगवलेले एक दुकानदार. त्यांच्यात धोतर, उपरणं, कपाळाला गंध आणि डोक्याला शेंडी अशा थाटात गुरुजी जाऊन बसले. काउंटरवरच्या मुलीने अदबीने विचारलं, "बाबाजी, पेशंट कौन हैं?"

"मैं ही हूँ."

ती मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. होणाऱ्या नवरीच्या आईने मात्र पदर तोंडाला लावला.

डॉक्टर गीता राय चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी गुरुजींना खुर्चीत मागे टेकून बसवलं, आरसा हातात दिला आणि विचारलं, "बाबाजी, आपको ये क्यों कराना है?"

"बेटा आ रहा है."

डॉक्टरांनी तेवढ्यावर भागवलं. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सुई बारीक असते. औषध भुवयांमधल्या स्नायूंना झोपवतं. तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता दिसतो, आणि तीन-चार महिन्यांनी स्नायू जागे होऊन आठ्या परत येतात. गुरुजींनी मान हलवली. त्यांना चार महिने नको होते. चार दिवस पुरे होते.

"अब ज़रा ग़ुस्सा कीजिए. माथा सिकोड़िए."

आणि इथे फजिती झाली. पन्नास वर्षं न बोलावता येणारी आठी, आज बोलावली तर येईना. गुरुजींनी डोळे वटारले, ओठ आवळले, नाक फुगवलं. कपाळ शांत. डॉक्टर म्हणाल्या, कोणीतरी फसवलंय असं मनात आणा. गुरुजींनी आणून पाहिलं; पण सिगऱ्याच्या त्या थंड खोलीत त्यांना कोणाचाच राग येईना. डॉक्टरांनी पांढरी पेन्सिल खाली ठेवली आणि वेळ काढायला म्हणून विचारलं, आपण काय करता? गुरुजींनी सांगितलं. "अच्छा, संस्कृत!" डॉक्टर खूष झाल्या. "हमें भी स्कूल में एक श्लोक रटाया गया था," असं म्हणून त्यांनी तो मोठ्या उत्साहाने म्हणायला घेतला. दुसऱ्याच शब्दाला ऱ्हस्वाचं दीर्घ झालं, तिसऱ्यात विसर्ग गायब, आणि गुरुजींच्या कपाळावर एक, दोन, तीन, तिन्ही आठ्या ओळीने उभ्या राहिल्या.

"हाँ! बस ऐसे ही! हिलिएगा मत!" डॉक्टरांनी श्लोक तिथेच सोडला आणि पेन्सिलीने पाच ठिपके दिले.

सुया फारशा दुखल्या नाहीत. प्रत्येक सुईला गुरुजी डोळे मिटून मनात सुश्रुतचं नाव घेत होते. नंतर डॉक्टरांनी पथ्य सांगितलं: चार तास आडवं पडायचं नाही, वाकायचं नाही, आणि कपाळ चोळायचं नाही. आज टिळा लावू नका, बाबाजी. परत येताना संकठा घाटावरून चालत आले, तेव्हा देवीपुढे माथा टेकायची पाळी आली. गुरुजी ताठ उभे राहिले, नुसते हात जोडले आणि मनात म्हणाले, आई, चार तासांनी येतो.

पंधराव्या दिवशी गंध लावायच्या छोट्या आरशात त्यांनी पाहिलं, तर कपाळ कोऱ्या कागदासारखं होतं. मुद्दाम आठी पाडायचा प्रयत्न केला. काहीच हललं नाही. आपलंच कपाळ आपल्याला ओळख देत नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलं. पण जरासंच.

वेदशाळेत मात्र गोंधळ उडाला. निमिष म्हणून बीडचा एक विद्यार्थी होता, चांगला सव्वीस वर्षांचा, शेवटच्या परीक्षेच्या तयारीतला. म्हणता म्हणता चुकला, सवयीने वर बघितलं, कपाळ स्वच्छ. म्हणजे बरोबरच आहे असं समजून पठ्ठ्या पुढे निघाला. पुढे आणखी चुकला. गुरुजींना प्रत्येक चूक ऐकू येत होती, पण ती कपाळापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी त्यांनी जमिनीवर बोट आपटलं, तेव्हा निमिष दचकला. दोन दिवसांत विद्यार्थ्यांत बोलवा झाली की गुरुजींना आता वैराग्य आलंय. आनंदीबाईंनी तर एका सकाळी ताप बघतात तसा हात कपाळाला लावून पाहिला.

"तबियत बरी आहे ना? कपाळ इस्त्री केल्यासारखं दिसतंय."

"सत्तरी आली. आता शांत व्हायला नको का?" गुरुजी म्हणाले. आनंदीबाईंचा विश्वास बसला नाही, पण विहिणीसाठी साडी आणायची राहिली होती, त्यामुळे त्यांनी विषय वाढवला नाही.

सुश्रुत एकटाच आला. नातीची परीक्षा होती म्हणून ती आणि सून पुण्यालाच राहिल्या. दाराशी वाकून पाया पडला, उठताना वर पाहिलं, आणि त्याची नजर गुरुजींच्या कपाळावर ठरली. क्षणभर नाही, चांगली ठरली.

"बाबा, बरं आहे ना तुम्हाला?"

"उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. मनात म्हणाले, दिसलं याला. पहिल्याच फटक्यात दिसलं.

दिवसभर सुश्रुत घरात काही ना काही दुरुस्त करत राहिला. गीझर बघितला, नळाचा वॉशर बदलला, आईला फोनवर पैसे कसे पाठवायचे ते तिसऱ्यांदा शिकवलं. पुण्याला राहून त्याची मराठी घासूनपुसून लख्ख झाली होती. आई "नल टपकतो" म्हणाली की तो हसत "गळतो" म्हणे. मध्येच तो वडिलांकडे बघे, कपाळाकडे बघे, आणि नजर काढून घेई. गुरुजी हे सगळं टिपत होते. औषध लागू पडतंय, असं त्यांना वाटत होतं. रात्री त्यांना झोप आली नाही. उद्या विचारीन, असं ते घोकत राहिले, आणि सत्तर वर्षांच्या माणसाला आपल्याच मुलाशी बोलायला शब्द घोकावे लागतात याची त्यांना लाज वाटली.

शांतीच्या आदल्या सकाळी ते सुश्रुतला म्हणाले, "जरा वर ये."

वर म्हणजे जिथे संथा चालते ती खोली. विद्यार्थी खाली हवनाची तयारी करत होते, त्यामुळे खोली रिकामी होती. खिडकीतून गंगेवरचं ऊन आत आलं होतं. गुरुजी आपल्या जागी बसले. सुश्रुत उभाच राहिला.

"सुश्रुत, माझ्यासमोर बसून थोडं म्हणशील? कुठलंही. तुला येईल ते. मी काही बोलणार नाही."

"तुम्ही कधी बोललात?" सुश्रुत म्हणाला. म्हणताना हसला, पण बसला नाही. वडिलांच्या कपाळाकडे तो असा बघत होता, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं असायला हवं होतं. मग त्याने चटई ओढली, पाय दुमडले, हात मांडीवर ठेवले. चाळिशीला आलेला माणूस, पोट थोडं सुटलेलं, केस विरळ झालेले. पण बसला तो सहा वर्षांच्या पोरासारखा, पाठ ताठ, मान सरळ.

आणि त्याने सुरुवात केली.

त्या वेळी गुरुजींना काय झालं ते नीट सांगता येणार नाही. फोनमधला आवाज आता समोर होता, चार हातांवर, त्या आवाजाने खिडकीची काच हलकेच थरथरत होती. एवढ्यासाठीच जगलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना त्यात काही अतिशयोक्ती वाटली नाही. सुश्रुतचे डोळे त्यांच्या कपाळावर खिळलेले होते. पहिलं सूक्त झालं. दुसरं झालं. एकही चूक नाही. परीक्षेतली ती अडखळण्याची जागा जवळ येऊ लागली, तसे गुरुजींनी आपले हात उपरण्याखाली घट्ट धरले. ती जागाही सुखरूप गेली.

मग एक स्वर चुकला. खाली जायचा तो वरच राहिला. गुरुजींच्या आत एकदम कळ उठली, पण त्यांनी बोटसुद्धा हलवलं नाही. बोलणार नाही म्हणून सांगितलं होतं. सुश्रुतने कपाळाकडे पाहिलं. पुढे गेला, जरा हळू. आता एक अक्षर चुकलं. पुन्हा त्याने पाहिलं. त्याच्या आवाजातला जोर कमी झाला. आणि मग त्याने एक अख्खा चरणच गाळला, असा की वेदशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं.

आणि थांबला.

"बाबा, मी चुकलो."

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा. पहिल्यांदा स्वर. मग अक्षर. मग एक चरण सोडलास."

खाली कोणीतरी तांब्याची भांडी घासत होतं. "कळलं होतं तुम्हाला," सुश्रुत म्हणाला. "मग कपाळावर काहीच का नाही? काल आल्यापासून बघतोय. मला वाटलं, तुम्ही आता ऐकणं सोडलं. म्हणून शेवटी मुद्दाम चरण गाळून पाहिला. तरी काही नाही. त्या दिवशीसारखंच."

"कुठल्या दिवशी?"

"परीक्षेच्या."

"त्या दिवशी?" गुरुजींचा आवाज चढला. "अरे, त्या दिवशी तिन्ही पडल्या होत्या! तू त्यालाच घाबरून उठलास ना?"

"मी आठीला कशाला घाबरेन?" सुश्रुत त्यांच्याकडे बघतच राहिला. "दहा वर्षं तीच बघून शिकलो. एक पडली की एक पाऊल मागे, दोन पडल्या की दोन. चुकलो तरी तुम्ही धरून आहात, एवढं मला कळायचं. त्या दिवशी अडलो, वर बघितलं, तर तुम्ही मान खाली घातलेली. नुसती शेंडी दिसत होती. मी पुन्हा मागे गेलो, पुन्हा बघितलं. तुम्ही वर बघितलंच नाहीत. मला वाटलं, बाबांनी सोडलं मला. सगळ्यांसमोर सोडलं. मग बसून काय करू?"

गुरुजींना आठवलं. मान खाली घातली होती, खरंच. आपल्या कपाळावरच्या आठ्या बाकीच्या वैदिकांना दिसू नयेत, बाप मुलाला खुणा करतो असं कोणी म्हणू नये, म्हणून घातली होती. आठ्या पडल्या होत्या, पण जमिनीकडे तोंड करून. पोरगा त्या वेळी त्यांना शोधत होता आणि ते आपली अब्रू सांभाळत बसले होते. बावीस वर्षं ते स्वतःच्या कपाळाला दोष देत आले, आणि दोष त्याचा नव्हताच. आता तर ते कपाळ पैसे देऊन गप्प करून आले होते.

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. रडतानासुद्धा कपाळ तसंच सपाट राहिलं, ते बघून सुश्रुत घाबरून पुढे सरकला. "बाबा, काय होतंय? अर्धांगवायूचा झटका वगैरे येऊन गेला का? आईला हाक मारू?"

"नको, नको. तिला नको." गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले. आणि विश्वेश्वर गुरुजी धारप, ज्यांच्यासमोर शेकडो विद्यार्थी थरथरले, ते खाली मान घालून म्हणाले, "इंजेक्शन घेतलं."

"कसलं?"

"सिगऱ्याला. कपाळाचं. सुरकुत्या जायचं. बायका घेतात ते." मग लक्षात आलं की आपण पुन्हा मान खाली घातली आहे. त्यांनी ती वर केली, मुलाच्या डोळ्यांत पाहिलं. "तुझी आई म्हणाली, तुला कपाळाची भीती वाटते. म्हटलं, तेच काढून टाकावं. तू एकदा म्हणावंस म्हणून."

सुश्रुतचं तोंड उघडंच राहिलं. हसू आलं असावं, कारण ओठ तसे हलले. पण हसू निघालं नाही. त्याने हात पुढे केला आणि एका बोटाने वडिलांच्या दोन भुवयांच्या मध्ये हलकेच दाबून पाहिलं. असं त्याने लहानपणीही कधी केलं नव्हतं. बापाच्या कपाळाला हात लावायची कोणाची छाती?

"किती दिवस राहणार हे?"

"तीन-चार महिने."

"मी परवा चाललो."

"माहीत आहे."

परवा हा शब्द खोलीत मोठा होत गेला. चार महिन्यांनी आठ्या परत येतील तेव्हा सुश्रुत पुण्यात असेल, पुढच्या वर्षी येईल, आणि पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? गुरुजींना स्वतःचा इतका राग आला की एरवी चौथीही आठी पडली असती.

मग ते उठले. गुडघ्यावर हात देत, कण्हत, मुलाच्या समोरून निघून त्याच्या शेजारी, जरा मागे येऊन बसले. अगदी नव्या, पाच-सहा वर्षांच्या मुलाला पहिली संथा देताना गुरुजी तसे बसत. इतक्या लहान पोराला कपाळ वाचता येत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर मागून हात ठेवायचा. स्वर खाली जायचा असला की हाताने डोकं खाली लववायचं, वर जायचा असला की सोडायचं; आणि एक चूक झाली तरी पहिल्यापासून घ्यायचं. वर्षभरात मूल शिकतं आणि हात काढून घेतात. सुश्रुतच्या डोक्यावरचा हात निघून एकतीस वर्षं झाली होती. केस विरळ झालेल्या त्या डोक्यावर गुरुजींनी तळवा ठेवला. डोकं गरम होतं.

"म्हण. पहिल्यापासून."

"चुकलो तर?"

"माझा हात आहे."

सुश्रुतने सुरुवात केली. पहिल्या दोन ओळींनंतर त्याचा आवाज स्थिरावला. त्याने डोळे मिटून घेतले. स्वर खाली जाई तसं गुरुजींच्या हाताखाली त्याचं डोकं लवे, वर येई तसं उठे. पहिलं सूक्त झालं. दुसरं झालं. चुकीच्या त्या जागेला हात जरा जड झाला आणि तिथे सुश्रुत अगदी बरोबर खाली गेला. गुरुजींना माहीत होतं, आता थोडंच उरलं आहे. संपलं की हा उठेल, पाया पडेल, खाली जाईल. उद्या शांत, लोकांची गर्दी, परवा विमान.

पन्नास वर्षं समोर बसलेल्या प्रत्येकाने चुकू नये म्हणून जीव टाकणारा तो माणूस आता मनातल्या मनात म्हणत होता, चूक. कुठेतरी चूक रे, बाळा. चुकलास की पहिल्यापासून घ्यावं लागतं.

शेवटच्या सूक्ताच्या अगदी टोकाला, जिथे कधीच कोणी चुकत नाही अशा साध्या जागी, सुश्रुत चुकला. खरंच चुकला की कसं, ते गुरुजींनी विचारलं नाही.

"पुन्हा," ते म्हणाले, आणि हात तसाच ठेवला.